मैदान सोडून पळणारा विश्वासणारा

नमस्कार मंडळी, आणि रेडिओ लावून बसलेल्या आपल्या ख्रिस्ती बंधूभगिनींना सलाम. स्वयंपाकघरात असाल, गाडीत असाल, शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला शिफ्टवर निघाला असाल, जिथं असाल तिथं दहा मिनिटं कान इकडं द्या. उपवासकाळ चालू आहे, चाळीस दिवस कुणी मटण सोडलंय, कुणी चहा, आणि कोल्हापुरात मटण सोडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण मला बोलायचंय ते उपवासाबद्दल नाही, मोहाबद्दल.

आपलं गाव पैलवानांचं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान बांधलं, तेव्हापासून काय त्याच्याही आधीपासून आपल्या अंगात ते भिनलंय, की भिडायचं, मागं सरायचं नाही, आणि मैदान सोडून गेला तो पळपुटा. हेच आपण विश्वासात पण आणतो. मोह आला की म्हणायचं, येऊ दे की, मी खमका आहे, माझ्यावर काय परिणाम होत नाही. आणि तिथंच चितपट होतो बघा.

आता शास्त्र काय म्हणतं ते ऐका. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलं, जारकर्मापासून पळा. त्याच पत्रात पुढं, मूर्तिपूजेपासून पळा. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पहिल्या पत्रात पैशाच्या लोभाबद्दल सांगून झाल्यावर लगेच म्हणाला की तू यापासून पळ, आणि दुसऱ्या पत्रात तरुणपणाच्या वासनांपासून पळ. चार ठिकाणी पळा म्हणतोय, आणि सांगणारा कोण, तर ज्यानं फटके खाल्ले, दगड खाल्ले, तुरुंग बघितले तो माणूस. त्याला भित्रा कोण म्हणेल?

मग कुणी म्हणेल, अहो पण पेत्र म्हणतो की सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतोय, त्याच्याविरुद्ध उभे राहा. बरोबर आहे. पण पेत्र ते कुणाला लिहितोय बघा, विश्वासासाठी ज्यांचा छळ चाललाय त्यांना. कुणी धमकावतंय, नाव ठेवतंय, वाळीत टाकतंय, तिथं हलायचं नाही. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले आणि इथं मिशनचं काम सुरू झालं, त्या काळात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्यापुढं भीतीचा प्रश्न होता, घरचे काय म्हणतील, भावकी काय म्हणेल. आपल्यापुढं आज बहुतेक वेळा भीती नसतेच, गोडी असते. भीती दाखवणाऱ्यापुढं उभं राहायचं आणि गोडी लावणाऱ्यापासून पळायचं, आपण नेमकं उलटं करतो, चारचौघांत येशूचं नाव घ्यायचं म्हटलं की पळतो आणि रात्री साडेबाराला हातात मोबाईल घेऊन मोहाशी कुस्ती खेळत बसतो.

योसेफाचं बघा ना. उत्पत्तीचा ३९ वा अध्याय आपण संडे स्कूलमध्ये शंभरदा ऐकलाय, मालक पोटीफरची बायको त्याला मोहात पाडायला बघते, तिच्या हातात झगा टाकून तो पळतो, सगळं पाठ. पण त्यात एक ओळ आहे तिच्यावरनं आपण नुसतं घसरत जातो. ती त्याला रोज रोज म्हणायची, आणि तो नुसतं नाही म्हणाला असं नाही, तर तिच्या संगतीला राहायलासुद्धा तयार नव्हता. म्हणजे शेवटच्या दिवशी झगा टाकून पळाला ती ताकद त्या दिवशी आभाळातनं पडली नाही, रोज थोडं थोडं अंतर ठेवत होता त्याची ती सवय होती. गुलाम माणूस, राजीनामा देऊन जाऊ शकत नव्हता, जेवढं हातात होतं तेवढं केलं.

माझ्या माहितीतले एक बंधू आहेत, नाव सांगत नाही, फाउंड्रीत स्टोअर बघतात. भंगाराची गाडी येते, काट्यावर भरलेली चढते, खाली होऊन रिकामी चढते, दोन वजनांतला फरक तो माल, आणि पावतीवर सही यांची. पावसात भिजलेलं भंगार असलं तर पाण्याचे पण पैसे लागतात, रिकाम्या गाडीच्या वजनाला ड्रायव्हर खाली उतरला की माल तेवढा वाढला. एवढ्याशा गोष्टी, पण महिन्याचा हिशोब केला तर मोठा आकडा. व्यापारी पहिल्यांदा पाकीट घेऊन येत नाही हो! आधी चहा, मग दिवाळीला मिठाईचा बॉक्स, मग पोरीच्या ॲडमिशनची चौकशी, काय अडचण असली तर सांगा साहेब, आणि मग एक दिवस, जरा बघून घ्या की. तोवर नाही म्हणायला जीभच उचलत नाही, कारण माणूस आता घरचा झालेला असतो. या बंधूंनी काय केलं, तर गाडी आली की वॉचमनला बरोबर घेऊनच काट्यावर जायचं, पावतीवर त्याची पण सही, आणि व्यापाऱ्याला केबिनमध्ये एकट्यानं भेटायचं नाही. लोक हसले, म्हणाले एवढा काय घाबरतोस. हसू देत. मला तरी हा खरा शहाणपणा वाटतो, कारण हा माणूस स्वतःच्या मनाला ओळखून आहे.

प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आपण दर रविवारी म्हणतो, आम्हांला परीक्षेत आणू नको. परीक्षेत मला जिंकव असं नाही म्हणत आपण, आणूच नको म्हणतो. आणि म्हणून झालं की स्वतःच्या पायानं चालत जातो.

कधीकधी पळायला जागाच नसते हे पण खरं. येशू रानात होता, चाळीस दिवस उपाशी, आत्म्यानंच तिथं नेलेला. पण सैतानाला दिलेली त्याची उत्तरं मोजून बघा, तिन्ही वेळा जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं एकेक वचन, संपला विषय. एदेन बागेत हव्वा सापाशी चर्चा करत बसली आणि देवानं न सांगितलेलं, स्पर्शसुद्धा करू नका, हे पदरचं घालून मोकळी झाली. सैतानाशी गप्पा मारून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आणि लूक शेवटी लिहितो की संधी मिळेपर्यंत तो त्याला सोडून गेला, म्हणजे परत येणार होता, एकदा जिंकलं म्हणून ऐटीत फिरायचं काम नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते, काही प्रचारक सांगतात विश्वासू राहा, लगेच प्रमोशन, लगेच आशीर्वाद. योसेफाला काय मिळालं? तुरुंग. सतराव्या वर्षाच्या आसपास विकला गेला, फारोपुढं उभा राहिला तेव्हा तिशीत, आणि मध्ये तुरुंगात भेटलेला फारोचा प्यालेबरदार त्याला विसरून गेला ती दोन वर्षं धरूनच. तेव्हा नोकरीत खरं वागलात आणि साहेबाचा रोष ओढवून घेतलात तर देव रागावलाय असं समजू नका, शास्त्रात देव त्या तुरुंगातही योसेफाबरोबर होता असंच लिहिलंय.

आणि जे आधीच घसरलेत, या आठवड्यात, काल रात्री, त्यांनी हे ऐकून रेडिओ बंद करू नये. पेत्र आपल्याला नाकारणार हे प्रभू येशूला आधीच माहीत होतं, आणि तरी तो म्हणाला की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय, आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. पडायच्या आधीच परतीची जबाबदारी देऊन ठेवलेली! तेव्हा लपून बसू नका. पाळकसाहेबांना सांगा, नाहीतर मंडळीतल्या एखाद्या पोक्त मामा-मावशीला सांगा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशांना, सगळ्यांच्या पोटात राहत नाही हे तुम्हाला पण ठाऊक आहे. आणि मोबाईल आज रात्रीपासून उशाला नको, हॉलमध्ये चार्जिंगला लावा, गजराला घड्याळ मिळतंय की. पुढच्या वेळी दावीद राजाकडं जाऊ, लढाईच्या दिवसांत राजा गच्चीवर काय करत होता ते बघायचंय. येतो मग, सलाम.