केरसुणीचे झुडूप आणि कोयता

नमस्कार, श्रोतेहो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो आणि एरवीही तिला चुकून पाय लागला तर हात जोडतो. आमच्या पेडण्याच्या घरात तर तिला केरसुणी असे म्हणतही नसत. दिवा मालवला न म्हणता वाढवला म्हणावे, तशी ती 'वाढवण' होती. ज्या वस्तूचा एवढा मान, ती ज्या झाडाझुडपांपासून होते त्यांच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. आज मी झाडू देणाऱ्या झुडपांविषयी बोलणार आहे, आणि त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: जे झुडूप झाडूसाठी कापले जाते, ते आपल्या जागी राहते, कापणारा हात थांबला की ते पसरत सुटते.

आपल्याकडे पहिला मान अर्थातच माडाचा. चुडताच्या पात्या तासून काढलेले हीर अंगण लख्ख करतात, आणि त्यांचा तो सर्र सर्र आवाज ज्यांच्या कानांत आहे त्यांना पहाट वेगळी सांगावी लागत नाही. गळून पडलेली चुडते परसातच जाळून टाकायची आणि दुकानातून प्लास्टिकचा झाडू विकत आणायचा, ही अलीकडची रीत मला मुळीच पटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही हिरांची जुडी मिळते, ती अवश्य घ्यावी. पण माड हे झुडूप नव्हे. झुडपांमध्ये आपला झाडू म्हणजे चिकणा. जास्वंदीच्या कुळातला, जेमतेम कमरेपर्यंत येणारा, फिकट पिवळी फुले सकाळी उमलवून दुपारी मिटून घेणारा हा चिकणा आपल्या प्रत्येक वाटेच्या कडेला असतो. त्याची काठी मोडू गेल्यास मोडते, पण साल तुटत नाही, कारण सालीत तागासारखा चिवट वाख असतो. मळणीच्या दिवसांत खळे झाडायला आजी आम्हांला चिकणा आणायला पाठवी आणि दरवेळी बजावून सांगे, "उपटू नका रे, वीतभर बुंधा ठेवून कापा." बुंधा ठेवला की पुढच्या पावसात त्याला पुन्हा फुटवे येत. आजीचे हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

युरोपातही असेच एक झुडूप आहे, आणि त्याचे शास्त्रीय नाव सायटिसस स्कोपेरियस असे आहे. लॅटिनमध्ये 'स्कोपा' म्हणजे झाडू. इंग्रजीत 'ब्रूम' हे आधी या झुडपाचे नाव होते आणि त्यावरून ते झाडूला मिळाले, म्हणजे झुडूप आधी आणि वस्तू नंतर. हे वाटाण्याच्या कुळातले, पुरुषभर उंचीचे, सोनेरी पिवळ्या फुलांचे झुडूप आहे. त्याची पाने बारीक असतात व लवकर गळतात. मग अन्न तयार करण्याचे काम त्याच्या हिरव्या, धारदार कंगोऱ्यांच्या काठ्याच करतात. सरळ, सडसडीत, लवचीक आणि पानांचा पसारा नसलेली काठी झाडूसाठी आयतीच तयार असते. अंजूच्या जेफ्री या फ्रेंच सरदाराने याच झुडपाची डहाळी शिरपेचात खोवली असे सांगतात, आणि तिच्या 'प्लांटा जेनिस्टा' या लॅटिन नावावरून त्याच्या वंशाला प्लँटॅजेनेट म्हणू लागले. या वंशाने इंग्लंडवर 1154 पासून 1485 पर्यंत राज्य केले. पोर्तुगालमध्ये या झुडपांना 'जिएश्ता' म्हणतात, आणि तिथल्या उत्तर भागात 30 एप्रिलच्या रात्री दारांखिडक्यांवर त्यांची पिवळी डहाळी लावतात. आपण दसऱ्याला दारावर आंब्याचा टाळ बांधतो, तिथे मे महिन्याच्या स्वागताला झाडूचे झुडूप दारावर चढते, हे मला फार लोभस वाटते.

आता जी हकीकत सांगण्यासाठी मी आज आलो आहे, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन उटीला गेलो होतो. आईने तेव्हा सत्तरी ओलांडली होती, पण तिची नजर तीक्ष्ण होती. एका दुपारी, ऊन चांगले तापलेले असताना, आम्ही अवलांचीच्या रस्त्याने निघालो आणि एका वळणावर संपूर्ण उतार हिरव्या काठ्यांनी आणि पिवळ्या फुलांनी भरलेला दिसला. आम्ही सगळे "वा!" म्हणून थांबलो. आई मात्र खाली उतरली, तिने एक काठी वाकवून पाहिली, सोडली, पुन्हा वाकवली आणि म्हणाली, "अरे, ही तर वाढवणीची काठी!" ते झुडूप म्हणजे युरोपातले तेच ब्रूम होते. तिने त्याचे नाव कधीही ऐकले नव्हते, युरोप पाहिला नव्हता, शेतकरणीच्या हाताने ते ओळखले होते. मग तिच्या सांगण्यावरून मी खिशातल्या चाकूने वीतभर बुंधा ठेवून दहाबारा काठ्या कापल्या आणि आईने त्यांची जुडी बांधायला घेतली.

तेवढ्यात वरच्या बाजूने एक वनरक्षक खाली आला. तो तमिळ बोलत होता आणि आमचा गाडीवाला ते हिंदीत सांगत होता. आम्ही फांद्या तोडल्या म्हणून तो रागावला असेल, असे मला वाटले. पण त्याचा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. "कापले कशाला?" तो म्हणाला, "उपटायचे होते!" आजी म्हणत असे, उपटू नका, कापा; आणि हा माणूस म्हणत होता, कापू नका, उपटा. मी आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे पाहिले.

त्याने जुडी मागून घेतली आणि तिच्यातल्या काळ्या, चपट्या, वाळलेल्या शेंगा आम्हांला दाखवल्या. मग हाताने खूण करून त्याने आम्हांला गप्प उभे राहायला सांगितले. श्रोतेहो, आम्ही गप्प झालो आणि तेव्हा ऐकू आले: टक्. थोड्या वेळाने डावीकडून टक्. मग वरून टक्, टक्. उन्हाने वाळलेल्या शेंगा फुटत होत्या, त्यांच्या दोन फाका पिळवटून उलट्या वळत होत्या आणि बिया दूर उडत होत्या. आपल्या तेरड्याचे बोंड बोटाच्या स्पर्शाने फुटते; इथे कोणी स्पर्शही करत नव्हते आणि संपूर्ण डोंगर फुटत होता. त्या बीच्या टोकाला एक तेलकट गोळी असते, तिच्या लोभाने मुंग्या ती आणखी पुढे ओढून नेतात, आणि जमिनीत पडलेली बी कित्येक दशके जिवंत राहते. इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेसाठी आणलेले हे झुडूप नीलगिरीच्या गवताळ माळांवर असे पसरले आहे की त्याच्या दाटीखाली मूळचे गवत उरत नाही. आणि ते गवत म्हणजे तिथल्या ताहर नावाच्या रानशेळ्यांचा आणि तोडा लोकांच्या म्हशींचा चारा.

आईने हे सगळे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "इथे कोणी हिच्या वाढवणी करत नाहीत?" गाडीवाल्याने विचारून सांगितले, नाहीत. आई म्हणाली, "मग बिचारी काय करणार? हिला इथे आणणाऱ्यांनी कोयता बरोबर आणला नाही." तिने ती जुडी तिथेच ठेवली, पदर झटकला, आणि मला पँटचे खालचे दुमडलेले काठ उलटे करून झटकायला लावले. त्यातून तीन बिया पडल्या. त्या वनरक्षकाने त्या उचलून खिशात घातल्या.

तीन हा आकडा मला पुढे वाचनात पुन्हा भेटला. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर सूक या ठिकाणी 1850 मध्ये कॅप्टन वॉल्टर ग्रँट याने शेतावर याचे बी पेरले. त्यातली तीनच रोपे जगली असे सांगतात, आणि आज त्या बेटावर हे झुडूप सर्वत्र आहे. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथेही हेच घडले. म्हणून पुन्हा सांगतो: कापणारा हात असेल तिथे बुंधा ठेवून कापावे, कापणारा हात नसेल तिथे आणूच नये.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा ब्रूमच्या बागांतल्या जातींविषयी थोडक्यात. पिवळ्या फुलात तांबूस पाकळ्या असलेला 'आंद्रेआनस' हा याच झुडपाचा प्रकार आहे. भूमध्य समुद्राकाठचे सुवासिक 'स्पार्टियम' त्याच्या चिवट धाग्यासाठीही वापरत. 'जेनिस्टा टिंक्टोरिया'पासून पिवळा रंग काढत. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरांतल्या एका रुपेरी पानांच्या जातीच्या फुलांना तर अननसाचा वास येतो. ही सर्व झुडपे आपल्या दमट किनाऱ्यावर लावण्याच्या फंदात पडू नये. शिवाय उटीला पाहिलेल्या त्या पिवळ्या ब्रूमच्या बियांत स्पार्टीन नावाचे विषारी द्रव्य असते, म्हणून लहान मुलांच्या हाती त्या शेंगा देऊ नयेत.

चिकणा मात्र आपल्या दारातच आहे. पाऊस सरला की त्याच्या काठ्या पक्व होतात. सकाळी कापाव्यात, दोन दिवस सावलीत सुकवाव्यात, पाला झोडून टाकावा आणि बुडाशी सुंभाने आवळून बांधावे. आणि उटीला जाणार असाल, तर परत निघताना पँटचे काठ उलटे करून झटकावेत.

नमस्कार.