चित्रातून उतरलेला कुत्रा : कॅव्हलिअर किंग चार्ल्स स्पॅनियलची ओळख

(दृश्य : खिडकीजवळच्या गादीवर झोपलेली एक लहान कुत्री. कॅमेरा तिच्या बरगड्यांवर स्थिरावतो.)

ही कुत्री नऊ वर्षांची आहे आणि तिला गाढ झोप लागली, की घरातले कोणी ना कोणी घड्याळ घेऊन तिच्याजवळ येऊन बसते. बरगड्या वर आल्या आणि खाली गेल्या, की एक श्वास झाला. अर्ध्या मिनिटात असे किती श्वास होतात ते मोजायचे, त्याची दुप्पट करायची आणि आलेला आकडा वहीत लिहून ठेवायचा. आज तेरा मोजले, म्हणजे मिनिटाला सव्वीस. वही मिटली जाते आणि कुत्री तशीच झोपून राहते.

या घरात हे मोजमाप नित्याचे का झाले, ते समजून घ्यायचे तर आधी या कुत्रीचा चेहरा नीट पाहायला हवा आणि तो चेहरा माणसांनी कसा घडवला, पुढे कसा मोडला आणि मग जुनी चित्रे समोर ठेवून पुन्हा कसा जुळवला, ती हकीकतही ऐकायला हवी.

(दृश्य : चेहऱ्याचे समीपचित्र. डोळे, कान, नाक.)

कॅव्हलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल हे या जातीचे पूर्ण नाव आहे. खांद्यापाशी उंची साधारण ३० ते ३३ सेंटिमीटर आणि वजन साडेपाच ते आठ किलो, म्हणजे मांडीवर मावेल पण पायात येऊन चिरडला जाणार नाही, इतका हा कुत्रा असतो. डोळे मोठे, गडद आणि एकमेकांपासून अंतरावर असतात. डोळ्यांखालचा भाग किंचित भरलेला असल्यामुळे चेहऱ्याला जो मऊपणा येतो, तो पाहणाऱ्याला आर्जवासारखा वाटतो. कान डोक्यावर उंच बसवलेले, लांब आणि झालरीसारख्या केसांचे असतात. रंग चारच मान्य आहेत : पांढऱ्यावर तांबूस ठिगळांचा ब्लेनहाइम, काळा-पांढरा-तांबूस असा ट्रायकलर, संपूर्ण तांबूस रूबी आणि काळ्यावर तांबूस खुणांचा ब्लॅक अँड टॅन.

स्वभावाविषयी एवढेच सांगता येईल, की हा कुत्रा राखणीच्या कामाचा नाही. दारात अनोळखी माणूस आला, तर तो शेपूट हलवत त्याला घरात घेऊन येईल. आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो, की तो उठून मागे येतो. परत फिरलो, की तोही परत फिरतो. हे लोभसवाणे असले तरी त्याला दुसरी बाजू आहे. दिवसदिवस एकटे राहणे या कुत्र्याला सोसत नाही, आणि सकाळी कुलूप लावून संध्याकाळी उघडणाऱ्या घराने, त्याचे रूप कितीही आवडले तरी, याच्या वाटेला जाऊ नये, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते. मात्र तो केवळ मांडीवरचा लोडही नाही. स्पॅनियल हे मुळात पक्ष्यांच्या शिकारीत उपयोगी पडणारे कुत्रे, आणि ते रक्त या लहानशा अंगातही शिल्लक आहे. मैदानात फुलपाखरू दिसले, की मघापर्यंत पायाशी घोटाळणारा हाच कुत्रा रस्ता, वाहने आणि मालकाची हाक यांतले काहीही न जुमानता धावत सुटतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर त्याला दोरीविना सोडत नाहीत.

(दृश्य : जुन्या तैलचित्रांचे तपशील, एकामागून एक.)

युरोपातील चित्रकारांनी हा कुत्रा फार आधीपासून पाहिलेला आहे. तिशियनने १५३८ च्या सुमारास रंगवलेल्या ‘वीनस ऑफ उर्बिनो’ या चित्रात पायथ्याशी एक पांढरा-तांबूस लहान कुत्रा अंगाचे वेटोळे करून झोपलेला आहे. व्हॅन डाइकने १६३७ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या पाच मुलांचे चित्र काढले, त्यात मध्यभागी एक अजस्र मास्टिफ आहे आणि उजव्या कोपऱ्यात एक इवलासा स्पॅनियल. मास्टिफच्या डोक्यावर हात ठेवून उभा असलेला मुलगा पुढे दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला, आणि नाव मात्र त्या कोपऱ्यातल्या लहान कुत्र्याला मिळाले.

दुसऱ्या चार्ल्सचे कुत्र्यांचे वेड त्याच्या समकालीनांच्या डोळ्यांवर येण्याइतके होते. नौदलाच्या कारभारात असलेला सॅम्युएल पीप्स रोजनिशी लिहीत असे. मे १६६० मध्ये चार्ल्स परागंदा अवस्थेतून परत येऊन डोव्हरच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा राजाच्या एका आवडत्या कुत्र्याला घेऊन पीप्स वेगळ्या होडीत बसला होता. त्या कुत्र्याने होडीतच घाण केली, सगळे हसले, आणि राजा काय किंवा राजाचे जे काही असेल ते काय, अखेर इतरांसारखेच असते, असा विचार पीप्सने त्या दिवशी नोंदवून ठेवला. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता हे तो लिहीत नाही. सात वर्षांनंतरच्या, सप्टेंबर १६६७ मधल्या नोंदीचा सूर मात्र वैतागाचा आहे : मंत्र्यांच्या बैठकीत राजा कामकाजाकडे लक्ष न देता सारा वेळ कुत्र्याशी खेळत बसला होता. राजाच्या स्पॅनियलला पार्लमेंटसह कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी प्रवेश देणारा कायदा चार्ल्सने केला, अशी गोष्ट आजही हौसेने सांगितली जाते. पण असा कायदा कागदोपत्री कोठेही सापडलेला नाही.

ब्लेनहाइम हे नाव थोडे नंतरचे आहे. १७०४ मध्ये ब्लेनहाइमची लढाई जिंकणाऱ्या मार्लबरोच्या ड्यूकच्या घराण्याने तांबूस-पांढरे स्पॅनियल पाळले, म्हणून त्या रंगाला त्या विजयाचे नाव मिळाले. या रंगाच्या काही कुत्र्यांच्या टाळूवर, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध, अंगठ्याएवढा तांबूस ठिपका असतो. ड्यूक रणांगणावर असताना त्याची पत्नी सेरा चिंतेने आपल्या गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत बसली होती आणि म्हणून पिल्लांच्या कपाळी तो ठसा उमटला, अशी दंतकथा आहे. तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, पण पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवताना अंगठा नेमका त्याच जागी जातो, हे खरे.

(दृश्य : चपट्या नाकाच्या किंग चार्ल्स स्पॅनियलचे जुने छायाचित्र, शेजारी लांब नाकाचा कुत्रा.)

एकोणिसाव्या शतकात आवड बदलली. राणी व्हिक्टोरियाचा डॅश हा ट्रायकलर स्पॅनियल होता, आणि १८३८ मध्ये राज्याभिषेकाचा लांबलचक सोहळा आटोपून परतल्यावर एकोणीस वर्षांच्या राणीने त्याला आंघोळ घातली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. डॅशचे नाक अजून लांब होते. पण शतक संपेपर्यंत आखूड नाक, घुमटासारखे डोके आणि बाहेर आलेले डोळे यांची चलती झाली. त्यासाठी चपट्या नाकाच्या जातींशी संकर केले गेले असावेत, असे मानले जाते. लांब नाकाची पिल्ले प्रदर्शनात मागे पडू लागली, म्हणून त्यांची वीणही थांबली. १९०३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने चारही रंगांचे हे छोटे स्पॅनियल ‘किंग चार्ल्स स्पॅनियल’ या एकाच नावाखाली आणले. पण ज्या राजाचे नाव त्यांना दिले होते, त्याच्या चित्रांतल्या कुत्र्याचा चेहरा त्यांच्यापाशी उरला नव्हता.

ही विसंगती एका पाहुण्याला खटकली. रॉसवेल एल्ड्रिज हा अमेरिकन गृहस्थ लांब नाकाचे स्पॅनियल शोधत इंग्लंडला आला आणि त्याला ते मिळेनात. तेव्हा १९२६ च्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात त्याने जाहीर केले, की दुसऱ्या चार्ल्सच्या काळातील चित्रांत दिसतो तसा, लांब चेहऱ्याचा आणि सपाट डोक्याचा जुन्या वळणाचा ब्लेनहाइम स्पॅनियल जो आणील, त्याला २५ पौंडांचे बक्षीस मिळेल. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरीही कसलेल्या ब्रीडरांना, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना, हे उलट्या दिशेने चालणे वाटले. ज्या नाकाला कमी करण्यात त्यांची हयात गेली, तेच नाक आता परत मागितले जात होते.

१९२८ मध्ये ॲन्स सन नावाच्या कुत्र्याने बक्षीस जिंकले. त्याच वर्षी क्रफ्ट्सच्या वेळी नव्या जातीचा क्लब स्थापन झाला, आणि त्या पहिल्या बैठकीचे दृश्य डोळ्यांसमोर आणण्याजोगे आहे. टेबलावर जिवंत नमुना म्हणून ॲन्स सन उभा केलेला होता. सभासदांनी सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या चित्रांच्या जमतील तितक्या प्रतिकृती आणल्या होत्या. कुत्रा आणि चित्रे यांच्याकडे आळीपाळीने पाहत त्यांनी जातीचे मानक लिहून काढले. या कुत्र्याच्या केसांना कात्री लावायची नाही, त्याला शक्य तितके नैसर्गिक ठेवायचे, असेही तेथेच ठरले. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या गृहयुद्धात राजाच्या बाजूने लढलेल्यांना कॅव्हलिअर म्हणत. तो शब्द नावापुढे जोडून ही जात चपट्या नाकाच्या भावंडांपासून वेगळी केली गेली.

केनेल क्लबची स्वतंत्र मान्यता १९४५ मध्ये मिळाली, आणि तोवर एल्ड्रिज हयात नव्हता. दरम्यान महायुद्ध होऊन गेले होते. अन्नटंचाईत कुत्रे पोसणे अवघड झाले आणि आधीच थोडी असलेली ही जात अगदीच मोजक्या कुत्र्यांवर आली. पुढची सारी वंशावळ त्या मोजक्यांतूनच वाढली. १९७३ मध्ये एका कॅव्हलिअरने क्रफ्ट्समध्ये सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा मान मिळवला आणि मागणी झपाट्याने वाढली.

(दृश्य : पशुवैद्यकीय तपासणी. कुत्रीच्या छातीवर स्टेथोस्कोप. हृदयाचे ठोके ऐकू येतात, दोन ठोक्यांमध्ये बारीक फुसफुस.)

आता ऐकू येते आहे तिला डॉक्टर मर्मर म्हणतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मिट्रल नावाची झडप असते. ती दारासारखी एकाच दिशेने उघडते. पण तिच्या कडा जाड होऊन गुंडाळल्या गेल्या, की दार नीट लागत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे गळते. म्हातारपणी हा विकार अनेक लहान जातींत दिसतो. कॅव्हलिअरमध्ये तो फार लवकर येतो. पाच वर्षांच्या सुमारास साधारण निम्म्या कॅव्हलिअरमध्ये मर्मर ऐकू येते आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्यांमध्ये. मर्मर ऐकू आली म्हणजे आयुष्य संपले, असे नाही. हृदयाचा आकार वाढू लागल्याचे सोनोग्राफीत वेळीच दिसले, तर पिमोबेंडन या औषधाने पुढची घसरण सरासरी सव्वा वर्षाने लांबवता येते. मात्र ती वेळ हुकू नये, म्हणून घरी श्वास मोजायचे. झोपेतला आकडा मिनिटाला तिसाच्या वर जाऊ लागला आणि तसाच टिकला, तर फुप्फुसांत पाणी साचू लागले असण्याची शक्यता असते आणि सकाळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे लागते.

दुसरा दोष डोक्यात आहे. अनेक कॅव्हलिअरची कवटी मागच्या बाजूला मेंदूच्या मानाने तोकडी असते. मेंदूचा मागचा भाग दाटीने खाली सरकतो, मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या द्रवाचा प्रवाह अडतो, आणि काही कुत्र्यांच्या मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. या विकाराला सिरिंगोमायेलिया म्हणतात. त्याचे एक लक्षण पाहणाऱ्याला आधी गमतीचे वाटते : चालता चालता कुत्रा थबकतो आणि मागचा पाय मानेच्या दिशेने हवेतच खाजवल्यासारखा हलवतो, पण पाय कातडीला लागत नाही. असे वारंवार घडत असेल, उचलून घेताना कुत्रा किंचाळत असेल, तर गळपट्टा काढून छातीचा पट्टा वापरायला हवा आणि एमआरआय करून घ्यायला हवा.

कुत्र्याच्या रक्ताच्या अहवालात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे सूक्ष्म कण, कमी दिसल्या, तर मात्र लगेच घाबरू नये. या जातीत अनेकांच्या प्लेटलेट उपजतच संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असतात, आणि मोजणाऱ्या यंत्राची त्यामुळे फसगत होते. काचपट्टीवर रक्त पाहिले, की उलगडा होतो.

(दृश्य : न्यायालयाच्या इमारतीचे बाह्यदृश्य, ओस्लो.)

हे दुखणे अखेर न्यायालयात गेले. नॉर्वेतील एका प्राणिकल्याण संस्थेच्या दाव्यावर ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये कॅव्हलिअर आणि इंग्लिश बुलडॉग यांचे प्रजनन प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवले. अपिलात बुलडॉगच्या बाबतीत निकाल फिरला, कॅव्हलिअरच्या बाबतीत फिरला नाही, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कुत्रा पाळण्यावर बंदी आलेली नाही. प्रश्न आहे तो कॅव्हलिअरशी कॅव्हलिअरचीच जोडी लावत राहण्याचा. दुसऱ्या जातीशी विचारपूर्वक संकर करण्याची वाट मोकळी आहे. काही ब्रीडरांना हा जातीचा शेवट वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही, कारण ज्या चेहऱ्यासाठी १९२८ मध्ये इतकी धडपड झाली, तोही माणसांनी जोड्या निवडूनच परत आणला होता. तेव्हा टेबलावर चित्रे होती, आणि चित्रांत झडप दिसत नव्हती.

म्हणून पिल्लू घ्यायला जाणाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाहण्याआधी कागद पाहावेत. आई-बापांची हृदयतपासणी तज्ज्ञाकडून झाली आहे का, त्यांना अडीच वर्षे पूर्ण होण्याआधी जोडीला लावले नव्हते ना, आजी-आजोबांचे हृदय पाचव्या वर्षी निर्दोष होते का आणि कवटीचा एमआरआय झाला आहे का, हे विचारायला संकोच करू नये. या प्रश्नांनी चिडणाऱ्या ब्रीडरकडून रिकाम्या हाताने परतणे बरे.

(दृश्य : संध्याकाळ. गादीवरची कुत्री जागी झाली आहे. कानांमागचे केस विंचरले जात आहेत.)

रोजची देखभाल त्या मानाने सोपी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा अंग विंचरावे लागते; गुंता होतो तो बहुधा कानांच्या मागे आणि पुढच्या पायांच्या काखेत, जिथे केस सर्वांत बारीक असतात. तेथे कंगवा ओढायचा नसतो. बोटांनी गुंता धरून टोकाकडून मुळाकडे थोडाथोडा सोडवायचा असतो. कान आतून कोरडे ठेवावे लागतात. वजन वाढू द्यायचे नाही, हे मात्र अवघड, कारण आपण जेवत असताना समोर येऊन बसणाऱ्या त्या चेहऱ्याला नाही म्हणायला घरात एकजूट लागते.

विंचरून झाले आहे. कुत्री अंग झाडते, पाण्याच्या भांड्याकडे जाते आणि पिते, तेव्हा दोन्ही कान भांड्यात बुडतात. ओले कान घेऊन ती पुन्हा गादीवर येते, एक फेरी मारते आणि अंगाचे वेटोळे करते. थोड्या वेळाने तिचा डोळा लागतो, आणि कोणीतरी वही उघडते.