सायनच्या कॉलेजातले परमवीर, मेजर परमेश्वरन

नमस्कार मंडळी. सायन-माटुंग्याच्या एसआयईएस कॉलेजवरून तुम्ही कितीदा गेला असाल, पण तिथं सायन्स शिकलेल्या एका मुलाला पुढे परमवीर चक्र मिळालं हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहितीये, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. मेजर रामस्वामी परमेश्वरन. तमिळ घरातले, जन्म मात्र मुंबईचा, 13 सप्टेंबर 1946. 1968 ला ग्रॅज्युएट झाले, 1972 ला आर्मीत कमिशन मिळालं, तेही महार रेजिमेंटमध्ये, म्हणजे 1941 ला बेळगावात उभी राहिलेली, जिच्यासाठी बाबासाहेबांनी इंग्रज सरकारकडे इतका आग्रह धरला ती. जवान त्यांना प्रेमानं पॅरी साहेब म्हणायचे.

आता श्रीलंका. तिथं 1983 पासून सरकार आणि तमिळ बंडखोरांचं यादवी युद्ध पेटलेलं. जुलै 1987 मध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपली शांतिसेना तिकडे गेली, एलटीटीईनं, म्हणजे त्या बंडखोरांच्या मुख्य संघटनेनं, शस्त्रं खाली ठेवायची असं ठरलेलं, आणि ऑक्टोबरमध्ये तर आपलेच जवान त्यांच्याशी लढत होते. शांतता राखायला पाठवलेल्या माणसांना असं लढायला लागलं, आणि त्यात पॅरी साहेबांसारख्या तमिळ ऑफिसरला समोरचे लोक आपलीच भाषा बोलताना ऐकून काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जातच नाही.

25 नोव्हेंबर 1987. 8 महारची, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनची, त्यांची तुकडी सर्च ऑपरेशन आटोपून रात्री उशिरा परत येत होती आणि वाटेत दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी हल्ला केला. अशा वेळी माणूस आधी आडोसा शोधतो ना? यांनी काय केलं, डोकं शांत ठेवून त्या लोकांना मागच्या बाजूनं वळसा घातला आणि थेट त्यांच्यावर चालून गेले, ते पार गोंधळले. मग हातघाईची लढाई. एकानं त्यांच्या छातीत गोळी घातली. छातीत! तरी त्याच्याच हातातली रायफल हिसकावून त्याला तिथंच मारला, आणि तशा अवस्थेतही शेवटचा श्वास असेपर्यंत जवानांना ऑर्डर देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती लागले, वेढा मोडला. साहेब गेले तेव्हा 41 वर्षांचे होते.

त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, श्रीलंकेतल्या त्या सगळ्या मोहिमेतलं एकमेव. जवळपास 1200 जवान तिथं शहीद झाले, मार्च 1990 ला सेना परत आली आणि त्या युद्धाबद्दल बोलणंच थांबलं. 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलंय.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी तेव्हा श्रीलंकेत जाफन्याला होतं का, किंवा तुमच्या घरातलं कुणी? असाल तर आम्हाला नक्की पत्र लिहा, तुमच्या पलटणीचं नाव लिहा, आठवेल तेवढं सगळं लिहा.