चौघी एकाच वेळेत: ओंदिना वाल्ला

(दृश्य: बर्लिन, ६ ऑगस्ट १९३६. महिलांची ८० मीटर अडथळ्यांची शर्यत, अंतिम फेरी.)

पहिली ११.७ सेकंद. दुसरी, तिसरी आणि चौथीसुद्धा ११.७. हातातलं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच वाचायचं, तेव्हा पंचांची पंचाईत झाली.

मोठ्या स्पर्धांमधून ही शर्यत केव्हाच गेली, म्हणून तिची मापं आधी सांगतो. अडथळे ८, उंची ७६.२ सेंटिमीटर. पहिल्या अडथळ्यापर्यंत १२ मीटर, मग दर ८ मीटरवर एक, आणि शेवटच्यानंतर पुन्हा १२ मीटर. पाय उचलायचा अडथळ्याच्या साधारण २ मीटर आधी, टेकायचा पलीकडे मीटरभरावर. मधे उरले ५ मीटर, त्यात पावलं तीनच. पाऊल लांब पडलं की पुढचा अडथळा अंगावर येतो, मग जवळून उचललेला पाय वर जातो, पुढे जात नाही. हवेत गेलेला वेळ हा वायाच. या शर्यतीतली इटलीची ओंदिना वाल्ला मुळात उंच उडीतलीही खेळाडू. वर झेपावायची तीच सवय तिला इथे मोडावी लागे.

स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय रोवायचे ठोकळे, तेही नव्हते. राखमिश्रित मातीच्या धावपट्टीत खुरप्याने दोन खळगे करायचे आणि त्यात पाय रोवायचे. खळग्याची कड ढासळली, तर पहिलंच पाऊल घसरणार.

(दृश्य: अंतिम रेषेची फिल्म, थांबवलेली.)

निकाल लावला तो रेषेवर रोखलेल्या कॅमेऱ्याने. ओंदिना ११.७४८, जर्मनीची आनी श्टॉयर ११.८०९, कॅनडाची बेटी टेलर ११.८११, इटलीचीच क्लाउदिया तेस्तोनी ११.८१८. दुसरी आणि चौथी यांच्यात ९ सहस्रांश सेकंद, म्हणजे त्या वेगाला ६ सेंटिमीटरच्या आसपास. छाती किंचित उशिरा झुकवली, एवढंच पुरतं.

ओंदिना वयाच्या विसाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी पहिली इटालियन स्त्री ठरली. आदल्याच दिवशी उपांत्य फेरीत तिने ११.६ सेकंदांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. जन्म बोलोन्याचा, खरं नाव त्रेबिसोंदा, तुर्कस्तानातल्या त्राब्झोनवरून ठेवलेलं. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला इटलीने एकही स्त्री पाठवली नाही, नाहीतर ती सोळाव्या वर्षीच गेली असती.

तेस्तोनीही बोलोन्याचीच, वयाने काही महिन्यांनी मोठी. आम्हाला विचाराल तर अडथळ्यांत पुढची मजल तिचीच: १९३८ मध्ये व्हिएन्नाला युरोपीय सुवर्ण, १९३९ मध्ये ११.३ सेकंदांचा विश्वविक्रम. ऑलिंपिक पदक मात्र कधीच नाही.

ओंदिनाची कारकीर्द पाठीच्या मणक्याच्या दुखण्याने आखडली. १९७८ मध्ये तिचं सुवर्णपदक चोरीला गेलं. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रीमो नेब्योलो यांनी तिला त्याची प्रतिकृती दिली. १९३७ साली तिने मारलेली १.५६ मीटरची उंच उडी मात्र इटलीत १९५५ पर्यंत कुणाला ओलांडता आली नाही.