वाचनालयासाठी संगणक आणि पैसा: आधी दाखल रजिस्टर उघडा

नमस्कार मंडळी! काटोलहून, उमरेडहून, इथल्या नागपुरातल्या महाल भागातूनही एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, वाचनालयात संगणक घ्यायचाय, पैसा कुठून आणायचा?" सांगतो. पण त्याआधी थोडं माझं ऐका.

सॉफ्टवेअरचं झटकन उरकतो. कोहा घ्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी बनलं, २००० सालापासून वापरात आहे, परवान्याचा खर्च शून्य. लिनक्स या फुकटच्या प्रणालीवर चालतं. वापरलेला पण बरा संगणक, त्यात एसएसडी आणि आठ जीबी रॅम एवढ्यावर छोट्या वाचनालयाचं भागतं. बसवून देणाऱ्याची मजुरी मात्र बाजूला ठेवा.

आता खरं काम. तुमचं दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद करतो ती वही. ते लाल कापडी बांधणीचं, पानं पिवळी पडलेलं. ते युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसेल अशा अक्षरांत, एक्सेलमध्ये आलंय का? आलं नसेल तर पुढचं सगळं थांबवा.

का? कोहाला थेट एक्सेल देता येत नाही, मार्क फाइल लागते, म्हणजे ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला साचा. मार्कएडिट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर एक्सेलमधून ती बनवून देतं, पण रकाने स्वच्छ असतील तरच. दाखल क्रमांक त्या साच्यातल्या ९५२ क्षेत्रात, जिथे कोहा प्रत्येक प्रतीची माहिती ठेवतं, बारकोडच्या जागी जातो. तोच क्रमांक दोन पुस्तकांना पडला असेल, तर पुस्तक देवघेवीच्या टेबलावर रोज भांडण.

एका वाचनालयात मी स्वतः पाहिलं. ताईंनी दोन वर्षं खपून हजारो नोंदी टाइप केल्या होत्या, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कालवा! शोधात एक पुस्तक सापडेना. ताई गप्प बसून राहिल्या. फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरने बरंच वाचवलं, पण जोडाक्षरं हाताने सुधारावी लागली. म्हणून टाइप करणाऱ्याला पहिल्याच दिवशी युनिकोड कीबोर्ड लावून द्या, भाऊ.

दुसऱ्या एका ठिकाणी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवाल्याने दुकानच गुंडाळलं. नोंदी आत अडकल्या. एक्सेलची प्रत वाचनालयाच्या कपाटात असती तर काय बिघडलं असतं?

एकाने कमेंटमध्ये विचारलंय, आरएफआयडीचं गेट, म्हणजे पुस्तकातला चिपचा टॅग ओळखणारं दार, बसवू का? नको! पाच-सहा हजार पुस्तकांच्या वाचनालयाला बारकोड पुरतो. विकणारा कमिशन घेऊन निघून जातो, टॅग लावत तुम्ही बसता. मला याचा खरंच राग येतो.

आता पैसा. पहिलं, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता: ग्रंथालयांना मदत देणारी केंद्र सरकारची संस्था, १९७२ पासून. त्यांच्या योजनांचे अर्ज आपल्याकडे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत, ग्रंथालय संचालनालयाकडून पुढे जातात. काही योजनांत राज्याचाही वाटा असतो, काहींत नसतो. अर्ज भरण्याआधी हे विचारून घ्या.

दुसरं सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारण्याचा उल्लेख आहे, शिक्षणाचाही आहे. वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या सरकारी कंपन्या, दोघींचीही मुख्यालयं आपल्या नागपुरात! बुटीबोरी, हिंगण्यातले कारखाने वेगळेच. संस्थेची आयकर सवलतीची (१२ए, ८०जी म्हणतात ती) आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी मात्र आधी करून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको.

आणि कंपनीतला साहेब काय विचारतो? पुस्तकं किती, वाचक किती, रोज देवघेव किती. "अंदाजे" म्हटलंत की फाइल बाजूला. आलात ना पुन्हा रजिस्टरवर! एक्सेल तयार असेल तर पुस्तकांचा आकडा एका मिनिटात निघतो आणि अर्जाला वजन येतं.

तर आजच पहिलं पान घ्या: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, किंमत. प्रत्येकाला वेगळा रकाना. लेखकाचं आडनाव आधी लिहायचं की नाव आधी, ते एकदाच ठरवा आणि मग बदलू नका. रकाने अडले तर त्यांची नावं कमेंटमध्ये टाका, मार्कएडिटच्या व्हिडिओत तीच घेऊन दाखवतो.