बाकावरची सही

[दृश्य: टेक्सास, पेडर्नॅलिस नदीकाठची जंक्शन स्कूल]

आपल्याकडे एकशिक्षकी शाळा असते ना, तशीच ही. एकच खोली. चार वर्षांचा लिंडन जॉन्सन पहिल्यांदा शाळेत आला तो इथे.

[जुना फोटो]

११ एप्रिल १९६५. तोच मुलगा आता अमेरिकेचा अध्यक्ष आहे. शाळेसमोर उघड्यावर बाक मांडलाय आणि शेजारी बसल्यात त्याच्या पहिल्या बाई, केट डेड्रिक लोनी. सही होतेय प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण कायद्यावर. गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचे पैसे देणारा त्यातला भाग म्हणजे 'टायटल वन'. जॉन्सन यांनी १९२८ साली कोटुला गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांना शिकवलं होतं. ती पोरं उपाशीपोटी वर्गात यायची, हे ते विसरले नव्हते.

पैसे सुटले. पण गरिबाच्या मुलानेही बाकीच्यांइतकंच शिकलं पाहिजे, ही अट कायद्यात यायला १९९४ साल उजाडलं. तीस वर्षांत किती पोरं शाळेबाहेर पडली असतील!

[दृश्य: उत्तरपत्रिका, पेन्सिलीने भरले जाणारे गोल]

८ जानेवारी २००२. ओहायोतल्या हॅमिल्टनच्या हायस्कुलात जॉर्ज बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' म्हणजे 'एकही मूल मागे राहू नये' या कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी, दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा.

[दृश्य: निकालाचा तक्ता, त्यावरून खाली सरकणारं बोट]

वर सगळ्या शाळेचा आकडा. खाली गट: गरीब, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतल्या वंशाची), दिव्यांग आणि इंग्रजी शिकणारी, म्हणजे घरी दुसरीच भाषा बोलणारी मुलं. वरचा आकडा कितीही चांगला असो, एक गट मागे राहिला की शाळेची त्या वर्षीची प्रगती अपुरी. शिवाय प्रत्येक गटातली ९५ टक्के मुलं परीक्षेला बसलीच पाहिजेत. म्हणजे कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी बसवून निकाल सजवायची सोय नाही. या कायद्याचं सगळ्यात मोठं काम हेच. सरासरीच्या आड लपलेलं मूल कागदावर आलं.

पण पास कुणाला म्हणायचं, ती रेघ ज्या त्या राज्याने आखायची. गटात किमान किती मुलं असली तर तो मोजायचा, हेही राज्यच ठरवणार. शाळेत इंग्रजी शिकणारी चारच मुलं असली, तर ती पुन्हा दिसेनाशी.

२०१४ पर्यंत १०० टक्के मुलं पास, हे उद्दिष्ट. त्या वाटेवरचं वर्षाचं लक्ष्य शाळेकडून सलग दोन वर्षं हुकलं की 'सुधारणा हवी' हा शिक्का, मग जादा शिकवण्या, शिक्षक बदलणं, शेवटी शाळेची फेररचना. केंद्राच्या कायद्यातली ही कारवाई फक्त टायटल वनचे पैसे घेणाऱ्या शाळांवर.

[दृश्य: रिकामा वर्ग]

१० डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने १०० टक्क्यांची अट काढली. आता किमान तीन वर्षांतून एकदा राज्यं टायटल वन शाळांमधल्या तळाच्या ५ टक्के शाळा शोधून काढतात.

गटवार तक्ता मात्र राहिला.

[दृश्य: बोट एका ओळीवर थांबतं]

इयत्ता चौथी. वाचन. इंग्रजी शिकणारी मुलं.