जागं ठेवणारं हिस्टामिन

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘हिस्टामिनचे चार रिसेप्टर’. हिस्टामिन म्हणजे आपल्याच शरीरातलं निरोप पोचवणारं रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ती जागा जिथे ते जाऊन बसतं; एच-१ ते एच-४ ही त्यांची नावं. चारही सांगणार आहे, काळजी नको. पण त्याआधी एक गोष्ट मनापासून बोलायची आहे. शिंका आणि खाज थांबवायला हिस्टामिनला अडवणारी सर्दीची गोळी घेतली की डोळे मिटायला लागतात. ही झोप म्हणजे गोळीचा दोष, असं म्हणून आपण विषय संपवतो. माझं म्हणणं असं, की हिस्टामिन आपल्या शरीरात कशासाठी आहे हे खाजेपेक्षा त्या झोपेतून जास्त कळतं.

खाज खोटी आहे असं नाही. आत्ता बसल्या जागी करून बघा. पेनाचं टोपण हाताच्या आतल्या बाजूवर जरा दाबून ओढा. थोड्या वेळात तांबडी रेघ उमटेल, मग तिच्या दोन्ही बाजूंना लाली पसरेल, आणि ज्यांची त्वचा हळवी आहे त्यांची रेघ चक्क फुगून वर येईल. थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात हा क्रम बारकाईने मांडला. त्वचेतल्या मास्ट पेशींतून, म्हणजे हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या प्रतिकारपेशींतून, हिस्टामिन सुटतं आणि बारीक रक्तवाहिन्यांवरच्या एच-१ रिसेप्टरवर जाऊन बसतं. वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या अस्तरात फटी पडतात, पाणी बाहेर झिरपतं आणि सूज येते. बाजूची लाली मात्र मज्जातंतूंची करामत. पुढच्या रांगेत कुणाची तरी रेघ उठलेली दिसतेय मला. झकास! आता ती खाजवू नका, नाहीतर माझं व्याख्यान बाजूला राहील आणि तिचंच सुरू होईल.

हे थांबवणारा पहिला पदार्थ डॅनियल बोव्हे आणि ॲन-मारी स्टॉब यांना १९३७ मध्ये सापडला. तो माणसाला देण्याजोगा नव्हता, पण १९४० च्या दशकात देण्याजोगी औषधं आली. ती घेणाऱ्यांची शिंक थांबली आणि ते पेंगायला लागले. कारण हे रेणू चरबीत सहज विरघळतात, त्यामुळे रक्तातून थेट मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिन तयार करणाऱ्या चेतापेशी एकाच जागी आहेत, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात. तिथून त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर जातात. आपण जागे असतो तेव्हा या पेशी काम करतात, झोपलो की गप्प होतात. म्हणजे मेंदूतल्या एच-१ वर बसलेलं हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. गोळी तेच अडवते. फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या गोळ्यांना मेंदूच्या सीमेवरचे प्रथिनांचे पंप बाहेर हाकलतात, म्हणून त्या घेऊन झोप येत नाही.

इथे मला राग येतो तो हा, की ठाऊक असूनही जुन्या गोळ्या झोपेसाठी सर्रास घेतल्या जातात. माझ्या नात्यातले एक आजोबा रोज रात्री अशी गोळी घेत. हळूहळू ते विसरायला लागले, संध्याकाळी माणसं ओळखेनात, एकदा तर लघवीच अडली. घरचे म्हणाले, वय झालं. मी औषधांचा डबा मागवला. ही जुनी औषधं हिस्टामिनबरोबर ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचे रिसेप्टरही अडवतात, आणि म्हाताऱ्या मेंदूला न् मूत्राशयाला ते झेपत नाही. डॉक्टरांनी गोळी बंद केली, आजोबा पुन्हा पेपर वाचायला लागले. म्हणून सांगतो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा डबा एकदा उघडून बघा. आणि अशी गोळी घेऊन गाडी चालवू नका. झोप आली नाही असं वाटलं तरी हात-पाय संथ झालेले असू शकतात.

आता एच-२. हिस्टामिनने पोटात आम्ल वाढतं हे १९२० पासून माहीत होतं. पण बोव्हेंच्या वाटेवरची औषधं कितीही द्या, आम्ल काही थांबेना! जेम्स ब्लॅक यांनी यातून निष्कर्ष काढला की पोटातला रिसेप्टर वेगळा असला पाहिजे. १९६४ मध्ये ते कामाला लागले. सहकाऱ्यांनी हिस्टामिनच्याच रेणूत फेरफार करत शेकडो पदार्थ बनवले. १९७२ मध्ये ब्युरिमामाइड जाहीर झालं, पण ते तोंडावाटे नीट शोषलं जाईना. पुढचं मेटियामाइड चाललं, पण काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. रेणूतला गंधक असलेला तुकडा बदलला आणि सिमेटिडिन तयार झालं. १९७६ मध्ये ते बाजारात आलं. तोवर अल्सरसाठी पोटाचा भाग कापून काढत असत. विचार करा, एका रिसेप्टरच्या शोधाने किती जणांची पोटं वाचली असतील! १९८८ चं नोबेल ब्लॅकना मिळालं त्यात नवल नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. एच-३ आणि एच-४ आता धावतच.

एच-३ चा शोध १९८३ चा. तो हिस्टामिन सोडणाऱ्या चेतापेशीवरच असतो आणि ब्रेकसारखा चालतो. हिस्टामिन वाढलं की तो दाबला जातो आणि पुढचा स्राव कमी होतो. हा ब्रेक औषधाने काढला तर काय होईल? मेंदूत हिस्टामिन वाढेल आणि माणूस जागा राहील. नेमकं तेच घडतं. दिवसा अनावर झोप येणाऱ्या नार्कोलेप्सीच्या रुग्णांसाठी पिटोलिसंट हे असं औषध युरोपात २०१६ पासून मान्य आहे. एच-१ अडवला की झोप, एच-३ अडवला की जाग. माझा मुद्दा याहून नेटका सिद्ध होणं अवघड.

एच-४ सापडला २००० साली, जनुकांच्या माहितीत एच-३ सारखं काही शोधताना. तो इओसिनोफिल, मास्ट अशा प्रतिकारपेशींवर असतो, त्यांना सुजेच्या जागी ओढतो, आणि खाजेतही त्याचा हात आहे. इसबाची खाज साध्या गोळीने का हटत नाही, याच्या अनेक कारणांपैकी एक हे असावं. त्यावरची औषधं रुग्णांवर तपासली गेली आहेत, पण रोजच्या वापरात अजून एकही नाही.

एवढं सांगून थांबतो. ॲलर्जीने श्वास अडला, रक्तदाब कोसळला, तर या गोळ्यांच्या भरवशावर बसू नका. तेव्हा हिस्टामिनबरोबर इतरही रसायनं सुटलेली असतात, आणि गोळी खाली गेलेला रक्तदाब वर आणत नाही. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि ताबडतोब.